काजवा कोणासाठी पेटतो? (प्रकल्प नोंदी)

१४ मे

या प्रकल्पाची सुरुवात माझ्या एका अर्धवट उत्तरापासून झाली, म्हणून ते आधी लिहून ठेवते. काल रात्री भाचीने विचारलं, "आत्या, काजवा का चमकतो गं?" मी म्हटलं, "मादीला बोलवायला." उत्तर तोंडपाठ होतं, देऊन मोकळी झाले. आज अंधार पडल्यावर ती हाताला धरून मला नळाजवळ घेऊन गेली. ओल्या मातीत काहीतरी सरपटत होतं आणि त्याच्या शेपटाकडे दोन हिरवट ठिपके मिणमिणत होते. "ही काजव्याची अळी आहे ना? मग हिला कुठे आत्ताच लग्न करायचंय?"

मी गप्प. प्रश्न रास्त होता.

तेव्हा ठरलं असं: ओढ्याकाठच्या झाडीत काजवे दिसत आहेत तोवर रोज संध्याकाळी जायचं, त्यांची चमक मोजायची, जमल्यास एलईडीने त्यांच्याशी बोलून बघायचं आणि अळीचं काय ते शोधायचं. हातात जेमतेम महिना आहे.

१५ मे

अळी भिंगाखाली. लांबी पेरभर, पाठीवर काळपट ढालींसारखे खंड एकावर एक चढलेले, तोंडाला विळ्यासारखे दोन जबडे. डोकं इतकं लहान की बोट लावलं की पहिल्या ढालीखाली आत ओढून घेते. प्लास्टिकच्या डब्यात ओली माती आणि कुजकी पानं घालून तिला ठेवलं. खायला एक बारकी गोगलगाय. अळी तिच्या शंखावर चढली, मऊ भागाला दोन-तीनदा चावली आणि थांबली. गोगलगाय हळूहळू ढिली पडली. काजव्यांच्या अळ्या चाव्यातून भक्ष्याला बधिर करतात आणि मग त्याचं मांस पातळ करून शोषून घेतात. भाचीने तोंड वाकडं केलं, पण जागची हलली नाही.

डबा जरा हलवला की ठिपके पेटतात. लुकलुकत नाहीत. सावकाश उजळतात आणि सावकाश विझतात. हे लक्षात ठेवायला हवं.

१७ मे

पहिला सेन्सर वाया गेला. घरात पडलेला एलडीआर (उजेडानुसार विद्युतरोध बदलणारा सुटा भाग) वापरला आणि आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डावर दर मिलिसेकंदाला वाचन घेतलं. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात जो आलेख आला तो टेकड्यांच्या रांगेसारखा, एक चमक दुसरीत मिसळलेली. दोष काजव्यांचा नाही. प्रकाश गेल्यावर एलडीआरला सावरायला फार वेळ लागतो, अंधारात तर आणखीच. दोन रात्री याच्यामागे गेल्या. हे मला आधी सुचायला हवं होतं, कॉलेजात हाच धडा एकदा शिकून झाला होता.

१९ मे

फोटोट्रान्झिस्टर (उजेड टिपणारा, पण एलडीआरपेक्षा चपळ भाग), १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे काळ्या कागदाची नळी. आता आलेख बोलायला लागला. नराची एक चमक चटकन चढते, किंचित रेंगाळते, चटकन उतरते. दोन चमकांमध्ये सेकंदापेक्षा थोडं जास्त अंतर. आणि हे अंतर किती नेमकं! सलग वीस चमका घेतल्या तर फरक अगदी थोडा. झाडीकडे नुसतं पाहिलं तर वाटतं की मनाला येईल तसे लुकलुकताहेत. एकाच काजव्यावर नळी रोखून धरली की आत घड्याळ असल्याचं कळतं.

२० मे

आज पाऊल बाहेर नाही, फक्त वाचन.

आधी मूळ गोष्ट. काजवा ही माशी नाही, भुंगेरा आहे. लॅम्पिरिडी हे त्याचं कुळ, त्यात दोन हजारांहून जास्त जाती. प्रकाश तयार होतो तो रासायनिक क्रियेतून. लुसिफेरिन नावाचं द्रव्य, त्यावर काम करणारं लुसिफेरेज हे विकर, सोबत मॅग्नेशियम, ऑक्सिजन आणि एटीपी, म्हणजे पेशी ज्यात आपली ऊर्जा साठवते तो रेणू. विकर आधी एटीपीच्या मदतीने लुसिफेरिनला तयार करतं, मग ऑक्सिजन येऊन चिकटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेला ऑक्सिलुसिफेरिनचा रेणू क्षणभर उत्तेजित अवस्थेत राहतो. तो खाली शांत होताना प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो.

ही दोन नावं फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८०च्या दशकात दिली. प्रयोग इतका साधा की स्वयंपाकघरात सुचावा. चमकणाऱ्या प्राण्याचा लगदा थंड पाण्यात घेतला तर तो चमकत चमकत विझून जातो. दुसरा लगदा कढत पाण्यात घेतला तर लगेच विझतो. आता हे दोन्ही विझलेले अर्क एकत्र करा: पुन्हा उजेड! थंड अर्कात विकर शिल्लक होतं पण इंधन संपलेलं. गरम अर्कात इंधन शिल्लक होतं पण उष्णतेने विकर मेलेलं. मला हा प्रयोग नंतरच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडतो.

एटीपीचा वाटा १९४७ साली जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवला. अमेरिकेत बाल्टिमोरला ते मुलांना शेकड्याच्या हिशेबाने पैसे देऊन काजवे गोळा करवून घेत. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५७ मध्ये शुद्ध लुसिफेरिनचे स्फटिक मिळाले: सुमारे १५,००० काजव्यांतून जेमतेम ९ मिलिग्रॅम.

काजव्याच्या प्रकाशात अवरक्त किरण नाहीत, अतिनील नाहीत. म्हणून त्याला थंड प्रकाश म्हणतात. मेणबत्तीची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, काजव्याची क्रिया जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम असते. (ही शेवटची ओळ चुकीची आहे. २६ मेची नोंद बघा. खोडत नाही, कळू दे.)

२१ मे

लख्ख चांदणं. काजवे अगदी तुरळक. घरी परत.

२३ मे

खिडकीच्या चौकटीत एक मेलेला नर मिळाला, म्हणून आज भिंगाची रात्र.

पोट वर करून ठेवला. पोटाचे शेवटचे दोन खंड दुधट, मेणासारखे. बाकी पोट तपकिरी. हाच दिवा. या जातीत नराचे असे दोन खंड, मादीचा एकच. म्हणजे कोणता काजवा कोण ते पालथं करून सांगता येतं. दुधट रंगाच्या वर पारदर्शक कवच, त्याच्या खाली प्रकाश देणाऱ्या पेशी आणि त्यांच्या मागे यूरिक आम्लाच्या बारीक स्फटिकांचा थर. कंदिलाला मागून पत्रा लावतात ना, तसंच. प्रकाश आत पोटात वाया न जाता बाहेर फेकला जातो.

आता बटणाचा प्रश्न. इंधन आणि विकर दोन्ही सतत पेशीत असताना दिवा विझतो कसा? किल्ली ऑक्सिजनच्या हातात आहे. कीटकाला फुप्फुसं नसतात, हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते. प्रकाशपेशीत कडेने मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून पेशीची ऊर्जा बनवणारे भाग, दाटीने बसलेले असतात आणि येणारा ऑक्सिजन वाटेतच गिळून टाकतात. लुसिफेरिन असतं आत, पेरॉक्सिझोम नावाच्या पिशव्यांत. तिथवर काही पोचत नाही, म्हणून अंधार. मेंदूकडून इशारा येतो तेव्हा नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, तो या मायटोकाँड्रियांचा श्वास क्षणभर अडवतो, ऑक्सिजन न अडता आत शिरतो आणि दिवा लागतो. नायट्रिक ऑक्साइडची ही भूमिका २००१ साली पुढे आली. गंमत अशी की मज्जातंतूंची टोकं प्रकाशपेशींना टेकतच नाहीत, शेजारच्या हवानळीच्या पेशींपाशी थांबतात. निरोप वायूमार्फत जातो.

भाचीला हे मी असं सांगितलं: दारात बसलेले पहारेकरी सगळा खाऊ खाऊन टाकतात, म्हणून आतल्या खोलीत काही जात नाही. कोणीतरी पहारेकऱ्यांचं तोंड धरतं, तेवढ्यात खाऊ आत जातो. तिने विचारलं, "आणि अळीचे पहारेकरी?" अळीचा दिवा मंदपणे चढतो-उतरतो, म्हणजे तिथली यंत्रणा इतकी चपळ नाही. चटकन लागणारा-विझणारा दिवा ही मोठ्या काजव्यांची मिरास.

२५ मे

आज हवेत गारवा होता. थर्मामीटर २२ अंशांवर. १९ तारखेला तो २७ होता. चमकांमधलं अंतर स्पष्टपणे वाढलं, नुसत्या डोळ्यांनी कळेल इतकं. कीटकाचं अंग हवेइतकंच गरम असतं, म्हणून हवा गार झाली की आतलं सगळं घड्याळ मंदावतं.

यातून "उन्हाळ्याच्याच रात्री का" याचा एक धागा हाती लागतो. काजव्याचं बहुतेक आयुष्य मातीत अळी म्हणून जातं, जातीनुसार एक-दोन वर्षंसुद्धा. मोठ्या झालेल्या अळ्या कोषात जातात आणि हवा उबदार झाली की बाहेर येतात. पंख फुटलेल्या काजव्याला मग दोन-तीन आठवडेच मिळतात. बऱ्याच जातींचे प्रौढ काहीच खात नाहीत, अळीपणी साठवलेल्यावर जगतात. आपल्याला दिसतो तो हा शेवटचा तुकडा. म्हणजे काजवे उन्हाळ्यात "येतात" हे खरं नव्हे. ते वर्षभर पायाखाली असतात, उन्हाळ्यात फक्त उडतात.

२६ मे

दुरुस्ती. "शंभर टक्के कार्यक्षम" हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आणि तसंच ठोकून दिलं. १९६० च्या मोजणीत आकडा ८८ टक्के आला होता. तोही उष्णतेबद्दल नव्हता: वापरल्या गेलेल्या लुसिफेरिनच्या दर शंभर रेणूंमागे प्रकाशाचे किती कण निघतात, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा पुस्तकांतून फिरत फिरत फुगला. २००८ साली जपानमध्ये ही मोजणी नव्याने झाली तेव्हा तो ४१ टक्के निघाला. वाईट नाहीच, पण शंभरही नाही. लोकांना काजव्याचं कौतुक करायचं असतं म्हणून कोणी तपासत नाही. मीही नव्हतंच तपासलं.

२८ मे

एलईडीची पहिली रात्र, सपशेल अपयश.

परवा गवताच्या पात्यावर एक मादी दिसली होती. उडत नव्हती. वरून नर चमकत गेला की थोड्या वेळाने पोटाचा एकच ठिपका उजळवायची. फोनवर चित्रण केलं, सेकंदाला ३० फ्रेम. नराची चमक सुरू झाल्यापासून तिचं उत्तर ९-१० फ्रेमनंतर, म्हणजे सुमारे ०.३ सेकंदाने. हेच आर्डुइनोत भरलं: सेन्सरला चमक दिसली की ०.३ सेकंद थांब, मग एलईडी एकदा पेटव.

तासभर एकही नर वळला नाही. एक जण वरून गेला, माझ्या एलईडीने उत्तर दिलं आणि त्याने दिवाच बंद केला. भाची म्हणाली, "आत्या, घाबरला तो तुला."

३० मे

चुका सापडल्या, दोन.

एक, रंग. हिरवे एलईडी दोन प्रकारचे मिळतात. एक झगझगीत, ५२० नॅनोमीटरच्या आसपास, निळसर झाक असलेला. दुसरा जुना, मंद, पोपटी, ५७० च्या आसपास. मी झगझगीतच लावला होता, कारण "चांगला" दिसत होता. काजव्याची चमक पोपटीच्या जवळची. शिवाय उजेड भलताच जास्त होता, मादी कधीच इतकी पेटत नाही. आता जुना पोपटी एलईडी, त्यावर चार घड्या टिश्यू पेपर. सूर्यापुढे काजवा म्हणतात, माझ्याकडे काजव्यापुढे सूर्य झाला होता.

दुसरी चूक जास्त मजेची. ०.३ सेकंद हे मोजमाप उबदार रात्रीचं होतं. २८ ला गारवा होता. नराचं घड्याळ मंदावलेलं, माझ्या एलईडीचं नाही. खरी मादी त्याच हवेत बसलेली असते, म्हणून तिचंही उत्तर तितकंच लांबतं आणि दोघांचा ताल जुळून राहतो. माझी मादी मात्र कोणत्याही हवेत ०.३ सेकंदाने उत्तर देणारी. तो का येईल?

३१ मे

आला!

हवा उबदार, वेळ ०.३, पोपटी एलईडी गवतात जमिनीलगत. पावणेआठला एक नर वरून गेला, एलईडीने उत्तर दिलं. तो जागच्या जागी थबकला, पुन्हा चमकला. पुन्हा उत्तर. मग खाली, थोडा उजवीकडे, चमक, उत्तर, आणखी खाली. सहाव्या-सातव्या खेपेला तो टिश्यू पेपरवर उतरला आणि एलईडीभोवती चालत फिरला. मिशा सारख्या हलत होत्या. मी श्वास रोखून बसले होते, भाचीने माझं मनगट आवळून धरलं होतं. दिव्यापर्यंत पोचल्यावर त्याला काय वाटलं असेल? वास नाही, अंग नाही. अर्ध्या मिनिटाने उडून गेला. आम्हीही एलईडी काढून घेतला. दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य त्याचं, त्यातली मिनिटं आम्ही खाऊ नयेत.

या संवादाचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस पायरालिस या जातीवर. तिथला नर उडता उडता वर झेप घेत इंग्रजी जे अक्षरासारखी रेघ ओढतो आणि मादी साधारण दोन सेकंदांनी खालून एकदा चमकते. आमच्या काजव्यांचे ०.३ सेकंद, त्यांचे दोन. प्रत्येक जातीचा रंग, ताल, वेळ, उंची वेगळी. एकाच झाडीत चार जाती असल्या तरी गोंधळ होत नाही.

की होतो? तिथेच फोटुरिस नावाचे दुसरे काजवे आहेत. त्यांच्या माद्या फोटिनसच्या मादीची नक्कल करून उत्तर देतात. नर आनंदाने उतरतो आणि ती त्याला खाते. जेम्स लॉइड यांनी १९६५ साली हे प्रसिद्ध केलं. म्हणजे माझा एलईडी काही नवीन नव्हता, काजव्यांमध्ये ही फसवणूक आधीपासूनच चालू आहे. खाण्यामागे फक्त भूक नाही, त्याबद्दल ६ जूनला.

२ जून

कुंपणाच्या तारेवर कोळ्याचं जाळं, त्यात एक काजवा अडकलेला आणि अजून चमकत असलेला. कोळी जवळ गेला, थोडी गुंडाळी केली, मागे सरकला. खाल्लं नाही. मी दहा मिनिटं थांबले, तो तसाच.

घरी येऊन वाचलं तर चीनमधल्या संशोधकांचा २०२४ सालचा अभ्यास हाती लागला. तिथल्या एका जातीत नर दोन खंडांचा दिवा वापरून एका झटक्यात अनेक लुकलुक करतो, मादी एकाच खंडाने एकच चमक देते. जाळ्यात सापडलेला नर मात्र कोळी त्याच्यापाशी येऊन गेला की मादीसारखा चमकायला लागतो: एकच खंड, एकच चमक. आणि ती पाहून आणखी नर जाळ्यात येतात. २३ तारखेला भिंगाखाली मी दोन खंड आणि एक खंड मोजत बसले होते, त्या फरकावर एक कोळी पोट भरतो.

आमच्या जाळ्यात दुसरा नर आला नाही. एकाच जाळ्यावरून काही म्हणता येत नाही, पण पाहिलेलं लिहून ठेवलं.

३ जून

थोडक्यात. आग्नेय आशियातल्या खारफुटीत, उदाहरणार्थ मलेशियात, टेरोप्टिक्स नावाच्या काजव्यांचे हजारो नर झाडावर बसून एका तालात लुकलुकतात. १९१७ साली एकाने नामांकित विज्ञानपत्रात लिहिलं की हा ताल खरा नाही, बघणाऱ्याच्या पापण्या मिटतात-उघडतात म्हणून तसं वाटतं! डोळ्यांपुढे काजवे चमकणं ते हेच असावं. पुढे जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने थायलंडमध्ये १९६० च्या दशकात काजवे पकडून बँकॉकच्या हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सोडले. थोड्या वेळात जवळजवळचे काजवे एका तालात आले. पुढारी कोणी नाही. शेजाऱ्याची चमक दिसली की प्रत्येक जण आपलं घड्याळ थोडं सरकवून घेतो.

आमच्या झाडीत असं काही दिसत नाही. सगळे आपापल्या घाईत.

६ जून

अळीचं उत्तर आज पालीने दिलं.

व्हरांड्याच्या भिंतीवर एक काजवा बसला होता. पाल आली, नेहमीप्रमाणे थबकली, झडप घातली, काजवा तोंडात. आणि लगेच सोडला. डोकं झटकलं, जबडा भिंतीला दोनदा पुसला आणि वळचणीत निघून गेली. काजवा खाली पडला, मिनिटभर निपचित, मग चालायला लागला. कडेने एक पांढरट थेंब आला होता. धोका वाटला की काजवे असे अंगातला द्रव थेंबाथेंबाने बाहेर सोडतात.

काजव्यांच्या अंगात विष असतं. अमेरिकेतल्या फोटिनसमध्ये १९७८ साली टॉमस आयझनर आणि सहकाऱ्यांना सापडलेल्या या संयुगांना लुसिबुफॅजिन म्हणतात. ती भेकाच्या अंगातल्या विषाच्या जातकुळीतली आहेत आणि हृदयावर परिणाम करतात. फोटुरिसच्या माद्यांना हे विष स्वतः पुरेसं करता येत नाही, म्हणून त्या फोटिनसचे नर खाऊन ते उसनं घेतात, हे १९९७ साली कळलं. ३१ मेच्या नोंदीत राहिलेलं ते हेच.

आता अळी. तिला पंख नाहीत, पळता येत नाही, मातीत बेडूक, उंदीर, पाली सगळे फिरतात. ती कडू आहे, पण कडूपणा चावल्यावर कळून तिचा काय फायदा? अंधारात रंग दिसत नाहीत. गांधीलमाशीसारखे पिवळे पट्टे रात्री कुचकामी. रात्री दिसणारी पाटी एकच: उजेड. एकदा तोंड पोळलेला प्राणी पुढच्या वेळी तो ठिपका बघून लांब राहतो. वटवाघळांवरचा २०१८ सालचा प्रयोग इथे नेमका बसतो. काजवे कधीच न पाहिलेल्या वटवाघळांसमोर काजवे सोडले, ती लवकरच टाळायला शिकली. ज्या काजव्यांचे दिवे रंगाने झाकले होते ते टाळायला शिकायला त्यांना जास्त वेळ लागला.

आणि काजव्यांच्या ज्ञात जातींमध्ये अळ्या सगळ्याच चमकतात. मोठे झाल्यावर सगळे नाही. काही जातींचे प्रौढ दिवसा उडतात, त्यांना दिवाच नसतो, ते वासावर जोडीदार शोधतात. वंशवृक्ष मांडला की क्रम असा दिसतो: आधी अळीचा दिवा, मग प्रौढांत आलेला दिवा, त्यानंतर त्याची लुकलुक आणि बोलणं.

म्हणजे माझं १३ मेचं उत्तर उलट्या टोकाने दिलेलं होतं. आधी "मला खाऊ नको" आणि नंतर, त्याच दिव्याने, "माझ्याकडे ये".

भाचीला सांगितलं. तिने थोडा विचार करून विचारलं, "मग पालीला माहीत नव्हतं का?" लहान पाल होती. आता माहीत झालं असेल.

८ जून

ओढ्याच्या वरच्या बाजूला आज कोणीतरी पांढरा फ्लडलाइट लावला. त्या पट्ट्यात एकही काजवा नाही, झाडामागच्या सावलीत आहेत. सेन्सर तर निकामीच झाला, फ्लडलाइटच्या उजेडात चमक हरवते. काजव्यांचंही तेच होतं. नराला मादीचा एक मंद ठिपका गवतातून शोधायचा असतो, उजळलेल्या हवेत तो दिसत नाही. कृत्रिम उजेडाखाली काजव्यांची देवाणघेवाण आणि जोड्या जुळणं कमी होतं हे अभ्यासांतून दिसलं आहे. जगभर काजव्यांना सर्वात मोठा धोका मात्र अधिवास नष्ट होण्याचा, त्यासोबत हा उजेड आणि कीटकनाशकं. मातीवर फवारलेलं औषध गोगलगायीला आणि अळीला दोघींना मारतं.

आमच्या टॉर्चवर आजपासून लाल जिलेटिन कागद. लाल प्रकाश त्यांना फारसा दिसत नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

११ जून

दोन दिवस पाऊस. सेन्सरच्या डब्यात पाणी शिरलं, ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचून जोडायची पाटी) गेला. आर्डुइनो वाचला. झाडीत मोजून सात चमका, त्याही उंचावर.

१२ जून

तीन.

१५ जून

शून्य. अर्धा तास थांबलो. नोंद ठेवायची म्हणून सेन्सर लावला होता, आलेख सरळ रेघ.

घरी येऊन अळीचा डबा उघडला. आत गोगलगायींचे चार रिकामे शंख, धुतल्यासारखे स्वच्छ. अळी वजनाने दुप्पट वाटते, महिन्याभरात एकदा कात टाकली आहे, तिचं कातडं झाकणाला चिकटलेलं मिळालं. ते आगपेटीत ठेवलं.

तिला जिथे मिळाली तिथेच, नळाजवळच्या मातीत सोडलं. भाचीने विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात उडेल ना ही?" पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या. सोडताना बोट लागलं, तशी तिने दोन्ही ठिपके पेटवले आणि आम्हाला दोघींना "खाऊ नका" म्हणून सांगत पानांखाली गेली. उजेड पान झाकल्यावरही क्षणभर दिसत होता.

करायचं राहिलेलं: एलईडीची उत्तराची वेळ थर्मामीटरला जोडणं, म्हणजे हवा गार झाली की ती आपोआप लांबेल. सेन्सरला पाणी न शिरणारा डबा. आणि फ्लडलाइटवाल्यांशी बोलणं, त्याला एकदम मेपर्यंत थांबायला नको.